बेंगळुरूत आईसोबत नाश्ता: आधी खुर्ची, मग डोसा

खानापूरच्या एका ताईंचं पत्र, थोडक्यात: "पुढच्या महिन्यात आईला घेऊन बेंगळुरूला जायचंय. शुक्रवारी सकाळी रेल्वेनं पोचू, सोमवारी रात्री परतीची गाडी. शनिवारी संध्याकाळी मल्लेश्वरमला भाचीचा साखरपुडा, सोमवारी अकरा वाजता जयनगरला आईचे डोळे दाखवायचेत. मुक्काम मॅजेस्टिकजवळच्या लॉजवर. आई एकाहत्तर वर्षांची, माळकरी. गुडघे धरलेत, साखरेची गोळी चालू आहे. गेल्या खेपेला मोबाइलवर बघून जिथे गेलो तिथे एकतर रांग, नाहीतर उभ्यानं खाणं. शेवटी आईनं लॉजवर बिस्किटांवर भागवलं. सकाळी बसून, दोन शब्द बोलत नाश्ता करता येईल अशी जागा तिथे शोधायची कशी?"

ताई, मोबाइलनं तुम्हाला फसवलं नाही. तुम्ही 'बेस्ट ब्रेकफास्ट' विचारलंत, त्यानं सगळ्यात गाजलेली ठिकाणं दाखवली. बेंगळुरूत गाजलेलं हॉटेल आणि निवांत हॉटेल ही सहसा दोन वेगळी हॉटेलं असतात. जिथे डोशासाठी लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतात, तिथे तुमच्या खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक उभं असणारच. म्हणून आईला घेऊन जाताना शोध पदार्थापासून सुरू करू नका, खुर्चीपासून करा. पदार्थाची काळजी नको. त्या शहरात साध्या उडुपी हॉटेलातली इडलीही सहसा खाण्याजोगी असते.

तिथे सकाळच्या तिंडीची, म्हणजे नाश्त्याची, हॉटेलं ढोबळमानानं तीन तऱ्हेची आहेत. पहिली दर्शिनी. 1983 साली जयनगरात 'कॅफे दर्शिनी' सुरू झालं आणि पुढे शहरभर त्या धर्तीची हॉटेलं उभी राहिली. लहान जागा, वेटर नाही, गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, खिडकीवरून ताटली उचलायची आणि छातीएवढ्या उंच टेबलाशी उभं राहून खायचं. दर कमी राहतो तो गिऱ्हाईक दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडतं म्हणूनच. तिथे निवांतपणा शोधणं म्हणजे एसटीच्या फलाटावर झोप शोधणं. शंकरपुरमचं ब्राह्मिन्स कॉफी बार 1965 पासून चाललंय. इडली, वडा, खारा बाथ (उप्पीट), केसरी बाथ (शिरा) आणि कॉफी, एवढाच पसारा, सांबार नाहीच, चटणी मात्र हवी तेवढी. अप्रतिम आहे, पण सगळं उभ्यानं. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला तिथे नेऊ नका, मग कोणी कितीही आग्रह करो.

दुसरी तऱ्हा जुन्या टिफिन रूमची. लालबाग रोडचं एमटीआर (मावळ्ळी टिफिन रूम), गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन, मल्लेश्वरमचं सीटीआर (सेंट्रल टिफिन रूम). इथे बसायला मिळतं, वेटर येतो, पण टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावं लागतं आणि ऐन गर्दीच्या वेळी नाव लिहून बाहेर थांबावं लागतं. वेळ साधली तर ही ठिकाणं आईलाही आवडतील. वेळ चुकली तर गेल्या खेपेचीच गत.

तिसरी तऱ्हा म्हणजे सर्व्हिस हॉल असलेलं साधं उडुपी हॉटेल. याला कोणी गाजवत नाही आणि तुम्हाला नेमकं हेच हवंय. खाली रस्त्यालगत 'सेल्फ सर्व्हिस', आणि मागे किंवा माडीवर 'सर्व्हिस', 'फॅमिली' किंवा 'ए.सी. हॉल' अशी पाटी असते. स्वयंपाकघर एकच, इडली तीच, हॉलमध्ये दर थोडा जास्त. त्या जास्तीच्या पैशांत पाठ टेकायला खुर्ची, हाताशी पाण्याचा ग्लास, बहुधा स्वच्छतागृह, आणि दुसरी कॉफी मागवली तरी कोणी तोंडाकडे बघत नाही. मात्र दोन गोष्टी आधी विचारून घ्या. हॉल सकाळी किती वाजता उघडतो? पुष्कळ ठिकाणी खालचा विभाग सहा-साडेसहाला चालू होतो आणि हॉल आठच्या पुढे, कारण वाढप्यांची पाळी तेव्हा लागते. आणि हॉल माडीवर असेल तर लिफ्ट आहे का? बाहेरून हे कळत नाही. आत जाऊन, आईला खाली उभं करून, मग जिना बघायचा, यानंच सकाळ बिघडते.

आता मोबाइलचा उपयोग कसा करायचा ते. नकाशात शहराचं नाव घालून शोधू नका. लॉजवर बोट ठेवून 'उडुपी' किंवा 'व्हेज रेस्टॉरंट' शोधा आणि चालत पाच-सात मिनिटांच्या आतलंच बघा. हॉटेल उघडलं की तारे बघण्याआधी फोटो बघा. मालकानं टाकलेले नव्हेत, गिऱ्हाइकांनी टाकलेले. डोशाचे पन्नास फोटो असतात, ते सोडून द्या. ज्यात आतली खोली दिसते ते शोधा: पाठीची खुर्ची आहे की स्टूल, टेबलं कमरेच्या उंचीची आहेत की छातीच्या, दाराशी पायऱ्या किती. मग अभिप्राय ताज्या तारखेपासून लावा आणि त्यात 'सीटिंग', 'स्टँडिंग', 'वेटिंग', 'सेल्फ सर्व्हिस' हे शब्द हुडका. हजारो लोकांनी चार-साडेचार तारे दिलेलं हॉटेल आणि काहीशे लोकांनी चार तारे दिलेलं हॉटेल यांत तुमच्यासाठी दुसरं बरं. त्याच पानावर कोणत्या तासाला किती गर्दी असते याचे उभे पट्टे दिसतात. वार बदलून बघा, शनिवार-रविवारचे पट्टे अगदी वेगळे निघतात.

एवढं झालं की आदल्या दिवशी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान फोन करा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळचा टिफिन अजून लागलेला नसतो, गल्ल्यावरचा माणूस सरळ बोलतो. सकाळी नऊला फोन केलात तर कोणी उचलणार नाही. विचारायचं एवढंच: "बेळग्गे कूतकोंडु तिन्नोक्के जागा इदेया?" (सकाळी बसून खायला जागा आहे का?) आणि "ग्राउंड फ्लोर?" तुमच्या खानापूर-बेळगावच्या कन्नडचा संकोच करू नका. वाक्याच्या शेवटी आपसूक 'री' लागला की समोरचा ओळखतो, ही माणसं उत्तरेकडची, आणि बहुतेकदा जरा मोकळेपणानं बोलतो. जुन्या उडुपी हॉटेलांत हिंदीही चालते.

त्याआधी मुक्कामाचं बघा, कारण झोपता कुठे यावर खाता कुठे हे ठरतं. मॅजेस्टिकचे लॉज गाडीला सोयीचे, पण सकाळी त्या भागात प्रवासी, बॅगा आणि घाईतली माणसं यांचाच राबता. साखरपुडा मल्लेश्वरमला आहे, तर मुक्कामही तिथेच हलवता येतो का बघा. बुकिंग फुकटात रद्द होत असेल तर विचारच नको. जुनी, झाडांची, वस्तीची पेठ आहे, आणि सर्व्हिस हॉलवाली साधी हॉटेलं अशाच भागात मिळतात. तुमची गाडी यशवंतपूरला थांबत असेल तर तिथेच उतरा, मल्लेश्वरम तिथून जवळ. हलवता येत नसेल तर मॅजेस्टिकमध्ये, ज्याच्या तळमजल्यावर स्वतःचं शाकाहारी हॉटेल आहे असा लॉज घ्या. खाणं साधंच असेल, पण आई चपला घालून खाली येईल आणि बसेल. लॉज घेताना हेही विचारा की खोली चोवीस तासांच्या हिशेबानं मिळते की दुपारी बारा ते बारा. बारा-बाराच्या लॉजमध्ये सकाळी सातला पोचलात तर एकतर जादा दिवसाचे पैसे, नाहीतर बॅगा घेऊन फिरणं. आणि बॅगा घेऊन कुठल्याही टिफिन रूममध्ये शिरता येत नाही, दोन टेबलांमधून वेटरच कसाबसा जातो. वेळ आलीच तर स्टेशनवरच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवा. बॅगांना कुलूप नसेल तर तिथे घेत नाहीत, लहान कुलपं घरूनच न्या.

आता तुमचे चार दिवस. इथे वार फार महत्त्वाचे आहेत, कारण प्रत्येक जुन्या हॉटेलाची सुट्टी वेगळी. विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद, ब्राह्मिन्स रविवारी बंद, एमटीआर सोमवारी बंद. तुम्ही शुक्रवार ते सोमवार जाताय, म्हणजे वार न बघता निघालात तर बंद दारावर थडकण्याची पुरेपूर सोय आहे.

शुक्रवारी कुठेही जाऊ नका. रात्रभर गाडीत अंग आंबलेलं, पायाला सूज. सामान टाका, आंघोळ करा आणि लॉजच्या खालच्या हॉटेलात किंवा शंभर पावलांवरच्या हॉलमध्ये खा. आंघोळीला वेळ लागणार असेल तर आधी एक इडली आणि कॉफी खोलीत मागवा.

शनिवारी एमटीआर. 1924 पासूनचं हॉटेल, सकाळी साडेसहाच्या सुमारास उघडतं. मॅजेस्टिकहून चारेक किलोमीटर. आयटीवाल्यांना शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे साडेआठनंतर झुंबड उडते. सात वाजता दारात असलात तर बहुधा थेट आत जाता. दाराशीच सांगा की वयस्कर बाई आहेत, जिना नको, खाली जागा झाली की बसवा, पाच-दहा मिनिटं थांबायला हरकत नाही. इथे आईसाठी रवा इडली मागवा. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली इथेच पहिल्यांदा झाली, असं हॉटेल सांगतं. ती गरमच खायची, बरोबर बटाट्याचा सागू (पातळ भाजी), चटणी आणि तूप. थंड झाली की रवा घट्ट होतो, म्हणून दोघींच्या प्लेटी एकदम मागवू नका. एक आली, वाटून खाल्ली, की दुसरी सांगा. दोघींसाठी पाचशे रुपये हाताशी ठेवा, पुरतात.

एमटीआरमध्ये तासभर गप्पा मारत बसता येणार नाही, हे मनाशी धरून जा. पण तिथे एक सोय आहे जी इतरत्र नाही: लालबागचं मुख्य दार अगदी जवळ. खाणं आणि बसणं या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. पाऊण तासात खाऊन उठा, रिक्षानं लालबागच्या दारात उतरा आणि आत झाडाखालच्या बाकावर हवं तितकं बसा. सावली, गार हवा, फिरायला आलेली माणसं. आईला बोलायला तुम्हीही मिळाल आणि हातात वेळही. बाग फार मोठी आहे, गुडघ्यांवर जोर देऊन काचघरापर्यंत जायलाच हवं असं नाही. फक्त आत शिरण्याआधी स्वच्छतागृहाचं हॉटेलातच उरकून घ्या.

रविवारी गाजलेल्या कुठल्याही हॉटेलाचं नाव काढू नका. आठ ते अकरा सगळं शहर कुटुंबासह तिंडीला बाहेर पडतं, आणि ज्या सीटीआरच्या बेण्णे (लोण्याच्या) मसाला डोशाबद्दल भाची तुम्हाला सांगेल तिथे रविवारी आईला फुटपाथवर ताटकळत ठेवावं लागेल. मेट्रोही रविवारी उशिरा, सातच्या सुमारास सुरू होते. हा दिवस त्या काहीशे अभिप्रायवाल्या हॉलचा. हॉल उघडताच, म्हणजे आठच्या ठोक्याला जा, नाहीतर साडेदहाला. साडेदहाचा तोटा असा की वडे आणि खारा बाथ तोवर संपत आलेले असतात आणि अकराच्या पुढे जेवणाची तयारी लागते. डोसा मात्र मिळतो. भिंतीकडेचं टेबल मागा, दाराजवळचं आणि हात धुण्याच्या नळाजवळचं टाळा. त्या दोन जागी माणसं सतत अंगावरून जातात, आणि नळापाशी फरशी ओली असते.

सोमवारी विद्यार्थी भवन. ते बसवनगुडीत आहे, तिथून जयनगर जवळच, त्यामुळे डॉक्टरकडे जाण्याच्या वाटेवर पडतं. 1943 पासूनचं हॉटेल, भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रं, आणि एकावर एक रचलेल्या डोशांच्या ताटल्या एका हातावर पेलत येणारे वेटर. आईला हे बघायला आवडेल. डोसा बाहेरून जाड, कुरकुरीत आणि तुपकट, बरोबर पातळ चटणी. दोघींत एक डोसा आणि एकेक इडली बास. सोमवारी साडेसातपर्यंत पोचलात तर साडेआठला मोकळ्या व्हाल. मग जवळच्या एम. एन. कृष्णराव पार्कात बसा. सपाट बाग आहे. गांधी बाजारात फुलं किंवा पूजेचं काही घ्यायचं असेल तर ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याआधीच उरका. तिथे बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे काही तास आईला जवळचं धूसर दिसेल, उजेड टोचेल, आणि गर्दीत पायरी चुकायची भीती. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्ताची साखर उपाशीपोटी तपासायला सांगितली असेल तर हा सगळा बेत तपासणीनंतर, तेही आदल्या दिवशी फोन करून विचारा.

सोमवारी किंवा मधल्या कुठल्या दिवशी एकादशी येत नाही ना, ते कालनिर्णयात बघून ठेवा. तिकडच्या हॉटेलांत सकाळी साबुदाण्याची खिचडी सहसा मिळत नाही. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे घरून न्या. केळी कुठेही मिळतील.

साखरेच्या गोळीबद्दल जरा नेटानं सांगायला हवं. जेवणाआधी घ्यायची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर ते लॉजवरून निघताना देऊ नका. रिक्षा, नाव लिहिणं, टेबल, मग ऑर्डर, यात पाऊण तास सहज जातो, आणि औषध पोटात, अन्न मात्र नाही, अशा वेळी साखर खाली येऊन घाम, थरथर सुरू होते. टेबलावर बसल्यावर, ऑर्डर दिल्यावर औषध काढावं. डॉक्टरांनी खाण्याआधी किती मिनिटं सांगितलंय ते निघण्यापूर्वी त्यांनाच विचारून त्याप्रमाणे वेळ बसवा. पर्समध्ये ग्लुकोज किंवा साखरेची पुडी आणि चार बिस्किटं असू द्या. गेल्या वेळच्या बिस्किटांचा एवढा उपयोग पुरे.

खाण्यात काय मागवायचं ते सोपं आहे, नावं तेवढी वेगळी. खारा बाथ म्हणजे आपलं उप्पीट, भाज्या आणि मसाला घातलेलं. केसरी बाथ म्हणजे शिरा, आणि दोन्ही एका ताटलीत आले की चौ-चौ बाथ. आईला केसरी बाथ नको, साखर-तुपाचा गोळा असतो. पड्डू म्हणजे आप्पे. पुरी-सागू म्हणजे पुरी आणि बटाट्याची किंवा मिश्र पातळ भाजी. दातांना सोसेल असं बघायचं तर सेट डोसा घ्या, तीन लहान, जाड, मऊ डोसे येतात, दोघींना एक सेट पुरतो. खारा पोंगल म्हणजे मूगडाळ-तांदळाची मिरं-जिऱ्याची मऊ खिचडी. सकाळी पोटाला याहून हलकं काही नाही, फक्त वरून ओतलेलं तूप बेतानं. तट्टे इडली ताटलीएवढी असते, एकच मागवा.

दोन ठिकाणी बेळगावकरांची जीभ अडते. उडुपी सांबारात गूळ असतो. आपल्याला ते गोडसर लागतं आणि साखरवाल्या माणसानं तर वाटीभर पिऊ नये. चटणीबरोबर खा, सांबार बाजूला आणायला सांगा. वडा 'डिप' मागवला तर तो सांबारात बुडवूनच येतो, म्हणून 'वडा, सांबार सेपरेट' असं म्हणा. दुसरं, मसाला डोशाच्या आत बऱ्याच ठिकाणी लाल चटणी फासलेली असते आणि तिच्यात सहसा लसूण असतो. आई लसूण खात नसेल तर "केम्पु चटणी बेडा" म्हणा, किंवा सरळ साधा डोसा मागवा. वेटरला हे ऑर्डर देतानाच सांगायचं. तव्यावर डोसा पडला की मग उपाय नाही.

चहाचं काय? सकाळी कपभर आल्याचा चहा लागत असेल तर तिथे अपेक्षा जरा खाली ठेवा. त्या हॉटेलांचा जीव कॉफीत. डिकॉक्शनमध्ये, म्हणजे कॉफीच्या अर्कात, चिकोरी असते म्हणून ती कडू-दाट लागते. दर्शिनीत साखर बहुधा आधीच घातलेली असते, म्हणून चिठ्ठी देतानाच "सक्करे हाकबेडि" म्हणायचं. दोघींत एक कॉफी हवी तर 'बाय-टू' म्हटलं की दोन पेल्यांत अर्धी-अर्धी येते. ज्वारीची भाकरी आणि झुणका आठवला तर सांगते, उत्तर कर्नाटकी खानावळी बेंगळुरूत आहेत, पण त्या दुपारच्या जेवणाला उघडतात. नाश्त्याला तिकडे जाऊ नका.

एवढं करूनही एखाद्या सकाळी दर्शिनीतच खावं लागेल. मग असं करा. आधी आईला जागा बघा. काही दर्शिनींत भिंतीलगत कट्टा किंवा कोपऱ्यात एक-दोन खालची टेबलं ठेवलेली असतात, ती रिकामी आहेत का ते आत शिरताच दिसतं. नसतील तर बाहेर पडा, पुढचं हॉटेल बघा, पैसे भरू नका. जागा मिळाली की आईला बसवून तुम्ही गल्ल्यावर जा. चिठ्ठ्या दोन होतात, खाण्याची वेगळी आणि कॉफीची वेगळी. खाण्याची खिडकीत द्या, कॉफीची खिशात ठेवा आणि खाऊन झाल्यावर द्या. नवखी माणसं दोन्ही एकदम देतात, कॉफी अर्ध्या मिनिटात येते आणि इडली संपेपर्यंत गार होते. ताटली दोन हातांत दोन आणू नका, आधी आईची आणा, मग तुमची. सांबाराची वाटी तिरपी होऊन हातावर सांडते ती याच घाईत. सुट्टे पैसे नसले तरी चालतं, गल्ल्यावर कोड लावलेला असतो. पण मोबाइलला रेंज नसेल तर रांग तुमच्यापाशी अडते, म्हणून दोनशे रुपये रोख जवळ असू द्या.

येण्याजाण्याला मेट्रो स्वस्त आहे. मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गावर नॅशनल कॉलेज तिसरं स्टेशन, विद्यार्थी भवनला तेच जवळचं, आणि उलट दिशेला मल्लेश्वरमसाठी पुढचंच संपिगे रोड. लिफ्ट सगळीकडे आहे. पण मॅजेस्टिक स्टेशन खोल आणि पसरलेलं, आतच बरंच चालावं लागतं, आणि उतरल्यावर हॉटेलापर्यंत पुन्हा दहा-पंधरा मिनिटं. आईसाठी सकाळी रिक्षाच बरी. सातच्या आत रस्ते मोकळे असतात. रिक्षा बोलावायचं 'नम्म यात्री' अ‍ॅप मोबाइलवर इथूनच उतरवून ठेवा, भाड्याची घासाघीस वाचते.

परतीच्या रात्री गाडीत खायला इडली बांधून घ्यायची असेल तर संध्याकाळी सहानंतर ताजा घाणा लागतो तेव्हा घ्या, सकाळची नको. बरोबर ओल्या नारळाची चटणी घेऊ नका, उकाड्यात चार-पाच तासांत ती आंबते आणि पिशवी फुटली तर बॅगेला वास सुटतो. चटणी पुडी, म्हणजे कोरडी चटणी, मागा, दुकानातही पाकिटात मिळते. इडल्या गरम असताना डबा बंद करू नका. वाफेनं त्या चिकट होतात. दहा मिनिटं उघड्या ठेवून मग झाकण लावा.